मालिकेतल्या वर्गात मुलांचा ‘आदर’ दाखवायचा कसा?

कोरी_पाटी

कौटुंबिक मालिकेच्या एका उपकथानकासाठी शाळेचे प्रसंग लिहायचे आहेत. तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, मराठी माध्यम, आठवीचा वर्ग. नायिकेचा धाकटा भाऊ गणिताच्या बाईंना भर वर्गात उलट बोलतो आणि पुढच्या तीन भागांत त्याचं बाईंबद्दलचं मत पालटतं. वनलाइन, म्हणजे एका ओळीतलं कथानक, एवढीच. वाहिनीची सूचना त्याहून छोटी: ‘रिस्पेक्ट दिसला पाहिजे.’

तो दाखवायच्या रूढ पद्धती सगळ्यांना पाठ आहेत. बाई दारात आल्या की अख्खा वर्ग कळ दाबल्यासारखा उभा आणि एका सुरात नमस्ते. व्हरांड्यात गाठ पडली की वाकून नमस्कार. चुकलं की हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून माफी. ५ सप्टेंबरला गुलाब. यातलं काहीच नको असा हट्ट नाही, पण चारही एकाच ट्रॅकमध्ये, म्हणजे उपकथानकात, आले की मुलं पुतळ्यांसारखी दिसतात आणि बाई देव्हाऱ्यात जाऊन बसतात.

प्रत्येक भागात शाळेच्या वाट्याला एकच सीन, दोन ते अडीच मिनिटांचा. मुलं जास्तीत जास्त सोळा मिळतील. संवाद, वर्गातली खरी वागणूक आणि चित्रीकरण, तिन्ही अंगांनी सांगितलंत तर हवं आहे.

दुसरी_ओळ

आधी भाषा बघा, खोटेपणा तिथूनच सुरू होतो. मालिकेतली मुलं शिक्षकांना ‘आपण’ म्हणतात. ‘सर, आपण मला क्षमा करावी.’ हे हिंदीतल्या ‘आप’चं सावत्र भावंड. मराठी शाळेत शिक्षकांना ‘तुम्ही’ म्हणतात आणि क्षमा वगैरे कुणी मागत नाही. ‘बाई, चुकलं’ एवढंच, तेही खाली बघून, शर्टाचं बटण पिळत.

संबोधनासाठी गाव ठरवा. जुन्या शहरी मराठी शाळांत ‘बाई’, जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘गुरुजी’ किंवा ‘सर’ आणि ‘मॅडम’, इंग्रजी माध्यमात आणि गोव्यात सर्रास ‘टीचर’. एकदा ठरलं की सगळ्या मुलांच्या तोंडी तेच हवं. संवादलेखक बदलला की चौथ्या भागात ‘बाईं’च्या ‘मॅम’ होतात, हे नेहमीचं.

मराठीत आदराचं सगळ्यात बारीक माप क्रियापदात असतं. ‘बाई आल्या’ आणि ‘बाई आली’. ‘कुलकर्णी सर आले’ आणि ‘ए, कुलकर्णी आला रे!’ तुमचा अख्खा ट्रॅक एवढ्यावर तोलता येईल. पहिल्या भागात मुलगा मित्रांत बोलताना एकेरी: ‘ती आज पेपर देणारे.’ तिसऱ्या भागात, बाई आसपास नसताना, घरी जेवताना सहज तोंडून निघतं: ‘बाई म्हणाल्या...’ तिथे कुणी मान वळवून बघायचं नाही, बासरी वाजवायची नाही. मराठी कानाला ते कळतं. फक्त सेटवर ओळी आयत्या वेळी बदलतात, म्हणून त्या ओळीशेजारी ‘अनेकवचनच, बदलू नये’ असं स्पष्ट लिहून ठेवा.

आता प्रसंग. मालिकेच्या वर्गात शिकवणंच नसतं, हे मूळ दुखणं. फळ्यावर कसलं तरी समीकरण, बाईंच्या तोंडी ‘तर मुलांनो, काल आपण काय शिकलो?’ आणि लगेच नाट्य. ज्या बाईंना शिकवताना कुणी पाहिलं नाही त्यांच्याबद्दल आदर वाटणार कुठून? एक खरं गणित घ्या. आठवीतलं एकचल समीकरण:

५ − ३(क्ष − ४) = २

(फळ्यावर इंग्रजी एक्सच काढा, पुस्तकात तोच असतो.) बाई घाईत कंस सोडवताना ‘− १२’ लिहितात. वजा गुणिले वजा, म्हणजे तिथे अधिक १२ हवेत. चिन्हाची ही चूक कुणाच्याही हातून होते, त्यामुळे बाई अडाणी वाटत नाहीत. त्यांचं उत्तर −३ येतं. मुलगा मागच्या बाकावरून ओरडतो: ‘चुकलंय! बाईंनाच येत नाही!’ गणितात तो बरोबर आहे, बोलण्यात चुकलाय. रूढ वाटेने गेलात तर वर्ग सुन्न होतो आणि बाई डोळे टिपत बाहेर जातात. त्याऐवजी बाई त्याच्यापुढे खडू धरतात. ‘ये. ताळा करून दाखव.’ तो क्षच्या जागी −३ घालतो, डावी बाजू २६ येते, उजवीकडे २. मग कंस दुरुस्त करतो, क्ष = ५, ताळा जुळतो. बाई वर्गाकडे वळून म्हणतात, ‘बरोबर आहे. माझं चिन्ह चुकलं. सगळ्यांनी वहीत दुरुस्त करा.’ आणि त्याच्याकडे न बघता, हळू आवाजात: ‘जे बोललास त्याचाही ताळा कर. मधल्या सुट्टीत सांग.’

याला दोन मिनिटं पुरतात. उलट बोलणं आलं, बाईंचा वकूब दिसला, आणि मुलाकडे पुढच्या भागासाठी काम उरलं.

परिपाठ

गणित चांगलं निवडलंय. त्यात एक भर: मुलगा ओरडायच्या आधी पुढच्या बाकावरच्या दोन मुलींना चूक दिसलेली असेल. त्या आपसात कुजबुजतील, एक बोट वर करून थांबेल. बाईंची पाठ असल्यामुळे बोट दिसत नाही आणि तेवढ्यात मागून आरोळी येते. एकाच चुकीवर दोन मुलं कशी वेगळी वागतात हे एका फ्रेममध्ये येईल, संवाद न वाढवता.

उभं राहण्याबद्दल. खरा वर्ग लाटेसारखा उठतो. पुढचे बाक आधी, मागचे सावकाश, एखादा अर्धवट उठून ‘बसा’ ऐकू येईपर्यंत बाकाला लोंबकळत. ‘एक साथ... नमस्ते’ ही मॉनिटरची ललकारी मुख्यतः पाहुण्यांसाठी, केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी आले की. रोजच्या पाचव्या तासिकेला तेवढा थाट नसतो. त्यापेक्षा बाई यायच्या आधीचं बघा: मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहितो, पुन्हा बोलला की नावापुढे फुली. बाई आल्यावर ती यादी पुसतात. वाचून पुसतात की न वाचता, एवढ्यावरून बाई कशा आहेत ते कळतं.

पाया पडायचे दिवस ठरलेले आहेत: गुरुपौर्णिमा, निकाल, दहावीचा निरोप समारंभ, बोर्डाच्या पेपरला निघताना. एरवी व्हरांड्यात शिक्षक समोर आले तर मुलं भिंतीला चिकटून वाट देतात किंवा उगाच ‘सर, नमस्ते’ म्हणून पळतात. बाजारात दिसले तर आईच्या मागे लपतात. ही लाज हाच त्या वयातला आदर. मूल शिक्षकांजवळ येतं ते कामाच्या निमित्तानं. पेन्सिलीला टोक काढून द्या, समास आखला तर चालेल का, ह्यानं माझी वही घेतली. तक्रार घेऊन येणारं मूल विश्वास टाकत असतं, आणि हे प्रसंग लिहायला फुकट आहेत.

५ सप्टेंबरच्या गुलाबाऐवजी स्वयंशासन दिन घ्या. अनेक शाळांत त्या दिवशी मुलं शिक्षक होतात, कुणी मुख्याध्यापक, कुणी शिपाई, मुली साड्या नेसून हजेरीचं पुस्तक घेऊन फिरतात. बहुतेक माध्यमिक शाळांत हा मान नववी-दहावीला असतो, म्हणून आठवीच्या मुलाला तास द्यायचा तर शाळा आठवीपर्यंतचीच ठेवा. त्याला पाचवीचा गणिताचा तास मिळू दे. दहा मिनिटांत त्याचा आवाज चढतो, खडू मोडतो, मागचा एक पोरगा ओरडतो, ‘सर, तुम्हालाच येत नाही!’ त्या वेळी दारात बाईंना उभं करून स्मितहास्य देऊ नका, फार मोह होईल.

आणि छडी. ‘मारून शिस्त लावणारे पण मनानं हळवे सर’ हे पात्र आजच्या काळात लिहिता येत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे, आणि तसं करणाऱ्या शिक्षकावर सेवाशर्तींनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. कान पिळणं, ओणवं उभं करणं, भर वर्गात घरच्या परिस्थितीवरून बोलणं, सगळं त्यात येतं. कथा जुन्या काळातली असेल तर छडी दाखवा, पण मग तिचा वळही दाखवा. वरच्या प्रसंगात बाई मुलाला एकट्याने भेटायला सांगतात, ते कायद्यातही बसतं आणि शहाणपणातही.

कॉलशीट

मुलं पुतळे दिसण्याचं कारण लिखाणात कमी आणि दिवसाच्या आखणीत जास्त असतं. मोठ्या कलाकारांचे क्लोजअप आधी उरकले जातात, मुलांचा मास्टर शॉट, म्हणजे अख्खा प्रसंग सलग दाखवणारा मोठा शॉट, शेवटी. तोवर पोरं गणवेशात बसून आंबलेली असतात. मग एडी (सहायक दिग्दर्शक) सोपं तेच करून घेतो: ‘टाळी वाजली की सगळे उभे.’ हा क्रम उलटा करा. सकाळी मास्टर, मग मुलांच्या प्रतिक्रिया, मग बाई आणि मुलगा फळ्यापाशी. बाईंचे एकटीचे क्लोजअप मुलं घरी गेल्यावर घ्या, नजरेच्या रेषेसाठी बाकावर स्टँड ठेवून भागतं.

घरी पाठवावंच लागतं. बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले, त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाचं काम दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. ज्या जिल्ह्यात चित्रीकरण त्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातात. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती लागते, म्हणजे सोळा मुलांना चार माणसं आणि पंधरा मुलांना तीन. सोळावं मूल फ्रेममध्ये खरंच दिसणार आहे का ते आधी बघा. मेकअप आणि कपड्यांचा वेळ पाच तासांतच धरून चाला. या सगळ्यातून सुटायला काही ठिकाणी अठरा-वीस वर्षांचे ज्युनिअर आर्टिस्ट गणवेशात बसवतात, म्हणून मालिकेतली दहावी ताजी दाढी करून आलेली असते.

पंधरा मुलांत वर्ग भरलेला दिसतो. कॅमेरा मागच्या बाकाच्या मागे, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. फ्रेमच्या दोन्ही कडांना एकेक पाठ अर्धी कापलेली ठेवा आणि बाकांतलं अंतर कमी करा. वरून घेतलात तर रिकाम्या जागा उघड्या पडतात. रिव्हर्सला, म्हणजे उलट बाजूने घेतलेल्या शॉटला, तीच मुलं दुसऱ्या बाकांवर बसवायची युक्ती करू नका, रिबिनींवरून ओळखू येतात. कला विभाग फळ्याच्या कोपऱ्यात दिनांक, सुविचार, पट आणि हजर लिहितो तेव्हा आकडा आठवणीनं सांगा. ‘हजर ३८’ लिहून अख्खा वर्ग दिसणारा वाइड शॉट घेतलात तर मोजणारे प्रेक्षक आहेत. पट २०, हजर १५ लिहा.

प्रतिक्रियांसाठी तीनच चेहरे निवडा आणि त्यांना भावना सांगू नका, काम सांगा. ‘बाईंकडे आदरानं बघ’ म्हटलं की मूल डोळे विस्फारून त्यांच्या कपाळाकडे टक लावतं. ‘बाई किती वेळा डस्टर उचलतात ते मोज, शॉट संपल्यावर विचारणार आहे’ म्हटलं की नजर आपोआप त्यांच्यावर खिळते. दुसऱ्याला ते समीकरण वहीत खरोखर सोडवायला द्या. तिसऱ्याला चूक आधीच सांगून ठेवा, पण बोलायचं नाही अशी ताकीद द्या. त्याच्या चेहऱ्यावर जे येईल ते लिहून मिळत नाही.

बाई झालेल्या अभिनेत्रीला फळ्यावर लिहायचा सराव किमान अर्धा तास हवा. नवख्या हाताची ओळ वर चढत जाते, अक्षर लहान होतं, आणि पूर्ण पाठ वळवल्याने आवाज फळ्यात जिरतो. खडूचं टोक थोडं मोडून द्या, कोरा खडू किंचाळतो. लिहिणारा हात दुसऱ्या कुणाचा घेणार असाल तर बांगड्या आणि खडूची लांबी जुळवून घ्या.

सातची_बत्ती

सगळे मिळून त्या ‘नमस्ते’वर तुटून पडलात, म्हणून थोडी त्याची बाजू. संध्याकाळची मालिका जितकी बघितली जाते तितकीच ऐकली जाते, ओट्यापाशी उभं राहून. शाळेच्या इमारतीचा शॉट स्वयंपाकघरात पोचत नाही. पंधरा गळ्यांचं ‘नमस्ते बाई’ पोचतं आणि पोळी लाटणाऱ्याला कळतं की प्रसंग आता शाळेत आहे. ते ठेवा, चार सेकंद, मधूनच सुरू करून. त्याच्याकडून आदराचं काम करून घेऊ नका, ठिकाण कळवायचं करून घ्या.

दुसरं. मराठी मालिकांत शिक्षकी पेशाबद्दलचा आदर बहुधा विद्यार्थ्याच्या तोंडी नसतोच. ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये (२०१६) अंजली शिक्षिका, आणि ‘पाठक बाई’ अशी हाक मारतो पैलवान राणा. ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’मध्ये (२०२३) अक्षराला अधिपती ‘मास्तरीणबाई’ म्हणतो. युक्ती हुशारीची आहे. हाक रोज ऐकू येते, वर्गाचा सेट लागत नाही, मुलांच्या परवानग्या लागत नाहीत. पण विद्यार्थी मागे गर्दी होऊन उरतो. तुमच्या मुलाला नाव आहे, घर आहे, बहीण नायिका आहे. त्याला गर्दीत ढकलू नका.

विनोदाकडे वळायचं असेल तर ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मधले (२००८ पासून) रत्नागिरीचे आत्माराम तुकाराम भिडे बघा. शिकवणी घेणारे मास्तर आणि सोसायटीचे सेक्रेटरी एकच. शिकवणीला समोर बसणारी टपूसेना आवारात चेंडू मारून काच फोडते. मुलांची त्यांच्याशी कुरबुर सेक्रेटरी म्हणून होते, त्यांच्या ‘हमारे जमाने में’वर हसू येतं, आणि मास्तरकीला फारसा धक्का बसत नाही. दोन भूमिकांत भांडण वाटून दिलं की आदर आणि टिंगल एका माणसाभोवती नांदतात. अमेरिकेतल्या ‘बॉय मीट्स वर्ल्ड’मध्येही (१९९३ ते २०००) हीच रचना: मिस्टर फीनी वर्गात शिक्षक आणि घराच्या कुंपणापलीकडे शेजारी. शेवटच्या भागात मुलांना त्यांच्या तोंडून प्रेमाचा शब्द हवा असतो, ते देत नाहीत, आणि वर्ग रिकामा झाल्यावर एकटेच बोलून जातात.

तुमच्या बाईंना मुलाच्या आळीत राहायला आणा. आळीचा सेट तुमच्याकडे असणारच. दुसऱ्या भागाचा प्रसंग तिथे करा: सकाळी बनियनवर दुधाची पिशवी घेऊन निघालेला मुलगा आणि समोरून बाई. वर ‘परिपाठ’ म्हणतात तसा तो लपेल. वर्ग नाही, पंधरा मुलं नाहीत, परवानगी एकाचीच.

कोरी_पाटी

दुधाची पिशवी घेतो. स्वयंशासन दिनही घेतो, शाळा आठवीपर्यंतची करतो. दोन शंका उरल्या. मधल्या सुट्टीत तो बाईंना काय सांगतो? आणि माफी दिसली नाही तर वाहिनी अडून बसेल, प्रोमोला काय देऊ?

दुसरी_ओळ

प्रोमोला पहिल्या भागातलं ‘बाईंनाच येत नाही!’ द्या आणि त्यावर लगेच बाईंचा खडू पुढे केलेला हात. दहा सेकंदांत बसतं, आणि ‘आता काय होणार’ हे उरतं.

मधल्या सुट्टीत तो जातच नाही. डबा तसाच घेऊन शिक्षक खोलीच्या दारापर्यंत येतो, आत चार शिक्षक चहा पीत बसलेत, परत फिरतो. दुसऱ्या भागात आळीत लपतो. म्हणजे बाईंना उत्तर देणं बाकी आहे हे प्रेक्षकाच्या डोक्यात राहतं. तिसऱ्या भागात स्वयंशासनाचा तास फसल्यावर तो गृहपाठाच्या वहीत गणित सोडवतो, खाली ताळा मांडतो, आणि ताळ्याच्या खाली बारीक अक्षरात ‘बाई, चुकलं’. वहीच्या गठ्ठ्यात वही जाते. बाई तपासताना गणितावर बरोबरची खूण करतात, ताळ्यावर करतात, तिसऱ्या ओळीपाशी लाल पेन थांबतं, आणि तिथेही तशीच खूण. माफी वाहिनीला दिसली, मुलाला हात जोडावे लागले नाहीत.

कॉलशीट

त्या क्लोजअपसाठी एकाच मुलाच्या हाताने आदल्या दिवशी चार वह्या लिहून घ्या. लाल शाई रिटेकला पुसता येत नाही.